ग्रँटच्या पैशातून जनरेटर घेतला आणि लेखापरीक्षकांचा आक्षेप आला: चूक कुठे, आणि आता काय करावे?

प्रश्न थोडक्यात असा आहे. प्रश्न विचारणाऱ्या ताई अमेरिकेतील एका लहान शहराच्या वित्त विभागात काम करतात आणि त्याआधी महाराष्ट्रात नगरपरिषदेच्या लेखा शाखेत होत्या. त्यांच्या शहराला फेमाच्या (अमेरिकेच्या केंद्रीय आपत्ती व्यवस्थापन संस्थेच्या) आपत्ती-सौम्यीकरण अनुदानातून, म्हणजे पुढच्या आपत्तीतील हानी कमी करण्यासाठीच्या निधीतून, राज्य सरकारमार्फत, पाणी उपसा केंद्रासाठी जनरेटर घ्यायला पैसे मंजूर झाले. मार्च २०२५ मध्ये शहराने एका सहकारी खरेदी संस्थेच्या (जी अनेक शहरांच्या वतीने पुरवठादारांशी आधीच करार करून ठेवते) तयार करारावरून १,८६,००० डॉलरचा जनरेटर घेतला. शहराच्या खरेदी नियमावलीत अशा खरेदीला निविदेतून सूट आहे आणि सिटी कौन्सिलने तसा ठरावही केला होता. तरीही वार्षिक लेखापरीक्षणात संपूर्ण खर्चावर आक्षेप आला. त्या विचारतात, "आम्ही सगळे नियम पाळले होते, मग चूक कुठे झाली? आणि पैसे परत करावे लागणार का?"

तुम्ही पाळलेले नियम शहराचे होते, आणि पैसा मात्र फेडरल सरकारचा होता. आक्षेपाचे मूळ एवढेच आहे. जनरेटर योग्य असेल, किंमत वाजवी असेल, कुणी एक पैसाही खाल्लेला नसेल. माझ्या अनुभवात अशा आक्षेपांपैकी बहुतेकांत अप्रामाणिकपणा नसतोच. प्रश्न एवढाच असतो की ती खरेदी तशीच का केली, हे त्या दिवशीच्या फाइलमध्ये लिहिलेले आहे की नाही. पैसे परत करावे लागतील की नाही, हे अजून ठरलेले नाही आणि लेखापरीक्षक ते ठरवतही नाहीत. त्याविषयी शेवटी सविस्तर लिहितो, कारण आधी नियमांची रचना लक्षात आली नाही, तर उत्तर काय द्यायचे हेही कळणार नाही.

फेडरल अनुदानातून होणाऱ्या खरेदीचे नियम फेडरल नियमसंहितेच्या दुसऱ्या शीर्षकाच्या भाग २०० मध्ये आहेत. कार्यालयांत त्याला 'युनिफॉर्म गायडन्स' म्हणतात. खरेदीची कलमे २००.३१७ ते २००.३२७ अशी अकराच आहेत आणि ती एका बैठकीत वाचून होतात. त्यांतील पहिल्याच कलमात अनेक शहरे फसतात. २००.३१७ सांगते की राज्य सरकारने फेडरल पैसा खर्च करताना स्वतःच्या पैशासाठी जी पद्धत वापरते तीच वापरावी, आणि त्यासोबत मोजकी फेडरल कलमे पाळावीत. ही मुभा राज्याला आहे. शहर, कौंटी, शाळा-जिल्हा यांना ती नाही; त्यांना ३१८ ते ३२७ ही सगळी कलमे लागू होतात. आता राज्याच्या कार्यालयातील माणूस, जो स्वतः राज्याच्या नियमांनी चालतो, तुम्हाला फोनवर सांगतो की "तुमच्या नेहमीच्या पद्धतीने घ्या, हरकत नाही", आणि तुम्ही घेता. तो खोटे बोलत नसतो. तो त्याच्या पायरीवरून बोलत असतो.

शहराची नियमावली यामुळे निरुपयोगी ठरत नाही. उलट २००.३१८ प्रमाणे लेखी नियमावली असलीच पाहिजे आणि तीच पाळली पाहिजे. मात्र राज्याचा कायदा, शहराची नियमावली आणि फेडरल कलमे यांत जिथे फरक असेल, तिथे जो नियम जास्त कडक तो लागू. शहर म्हणते सहकारी करारावर घेताना काहीच विचारू नका. फेडरल नियम म्हणतो स्पर्धा झाली होती हे दाखवा. तिथे फेडरल नियम जिंकतो. उलट शहराची मर्यादा फेडरल मर्यादेपेक्षा खाली असेल, तर शहराची मर्यादा जिंकते. आणि हे सगळे फक्त फेडरल वाट्यापुरते नाही. या अनुदानात साधारणपणे ७५ टक्के फेडरल आणि २५ टक्के स्थानिक वाटा असतो, म्हणजे तुमच्या १,८६,००० पैकी सुमारे ४६,५०० डॉलर शहराचे असतील. 'हा भाग आमचा आहे, तो आमच्या नियमांनी खर्च केला' असा युक्तिवाद टिकत नाही, कारण स्थानिक वाटा त्याच प्रकल्पात मोजला की त्यालाही तेच नियम चिकटतात.

आता तुमच्या खरेदीकडे येऊ. मार्च २०२५ मध्ये फेडरल मर्यादा अशा होत्या: १०,००० डॉलरपर्यंत सूक्ष्म खरेदी, जिथे दर वाजवी वाटला की दरपत्रकांशिवाय घेता येते, त्यावर २,५०,००० डॉलरपर्यंत साधी खरेदी, जिथे पुरेशा संख्येने पात्र पुरवठादारांकडून दरपत्रके घ्यायची, आणि त्यावर जाहीर निविदा किंवा प्रस्ताव. (१ ऑक्टोबर २०२५ पासून या मर्यादा अनुक्रमे १५,००० आणि ३,५०,००० झाल्या आहेत, पण तुमची खरेदी जुन्या आकड्यांवरच तपासली जाईल.) म्हणजे तुम्हाला निविदा काढण्याची गरजच नव्हती. दोन-तीन दरपत्रके फाइलला असती तर सहकारी कराराचा प्रश्न लेखापरीक्षकांनी फार ताणला नसता. 'पुरेशी संख्या' म्हणजे नेमकी किती, हे फेडरल नियमात लिहिलेले नाही. तुमच्या नियमावलीत तीन लिहिले असेल तर तीन. मात्र आपल्याकडच्या कार्यालयांतून आलेल्यांना एक सावधगिरी सांगतो. एकाच दुकानदाराने आणून दिलेली तीन वेगळ्या लेटरहेडवरची तीन दरपत्रके, एकाच टायपातली, एकाच शुद्धलेखनाच्या चुकांसह, हा प्रकार इथेही पाहिला आहे, आणि इथे त्याची गणना निष्काळजीपणात होत नाही, फसवणुकीत होते.

सहकारी खरेदी स्वतःहून गैर नाही. सोर्सवेल, ओम्निया पार्टनर्स, नॅस्पो व्हॅल्यूपॉइंट यांसारख्या संस्थांचे करार देशभरातील शहरे वापरतात, आणि २००.३१८ मध्ये अशा सामाईक खरेदीला उत्तेजनच दिलेले आहे. अडचण अशी, की करारावर 'स्पर्धेतून दिलेला' असा शिक्का असला तरी ती स्पर्धा फेडरल कलमांत बसत होती का, हे तपासण्याची जबाबदारी पैसा वापरणाऱ्यावर, म्हणजे तुमच्यावर राहते. मी अशा फाइलमध्ये पुढील कागद शोधतो. मूळ प्रस्तावाची मागणी आणि ती कुठे, किती दिवस जाहीर झाली याचा पुरावा. किती पुरवठादारांनी उत्तर दिले आणि त्यांचे मूल्यांकन कसे झाले, याचा तक्ता. तुम्ही घेतलेला जनरेटर, त्याच क्षमतेचा, करारातील वस्तूंच्या व्याप्तीत बसतो का. कारण 'वीजनिर्मिती उपकरणे' अशा मथळ्याखाली पुष्कळ गोष्टी ढकलल्या जातात. तुमच्या बिलातील दर करारातील दराशी जुळतो का. बहुतेक करारांत छापील किमतीवर ठरावीक सूट असते आणि ती बिलात प्रत्यक्ष उतरली आहे का, हे कुणी मोजत नाही. मी मोजतो, आणि अनेकदा फरक सापडतो. शेवटी, भाग २०० च्या परिशिष्ट दोनमधली, करारात घालावी लागणारी फेडरल कलमे करारात आहेत का. ती नसतील तर तुमच्या खरेदी आदेशासोबत जोडता आली असती, पण तुमच्या आदेशावर फक्त करार क्रमांक आणि रक्कम असेल, असा माझा अंदाज आहे.

हे कागद आजही मिळू शकतात. तो सहकारी करार मुळात करणाऱ्या संस्थेला पत्र लिहा. त्यांच्याकडे ही मागणी रोज येते. मूळ स्पर्धेचे कागद खरेदीच्या आधीपासून अस्तित्वात होते, फक्त तुमच्या फाइलमध्ये नव्हते. त्यामुळे ते आता जोडणे योग्य आहे आणि आक्षेपाचे बरेचसे वजन त्याने कमी होते. मात्र जे टिपण तेव्हा लिहिलेच नव्हते, ते मार्च २०२५ ची तारीख घालून आता लिहू नका. कुणीही सांगितले तरी नको. टिपण आजच्या तारखेने लिहा, त्यात 'खरेदीच्या वेळी हे विश्लेषण लेखी केलेले नव्हते. उपलब्ध कागदांवरून आज पुढीलप्रमाणे दिसते' असे स्पष्ट म्हणा आणि खाली सही करा. पुनरावलोकन करणारे अधिकारी उशिरा लिहिलेले प्रामाणिक टिपण वाचतात, वाद घालतात, कधी मान्यही करतात. मागची तारीख घातलेले टिपण सापडले, तर पुढचा पत्रव्यवहार अनुदान कार्यालयाशी राहत नाही, गैरव्यवहारांची चौकशी करणाऱ्या महानिरीक्षकांशी सुरू होतो.

एका गोष्टीकडे तुमच्या लेखापरीक्षकांचे लक्ष गेले आहे की नाही माहीत नाही, पण तुमचे जायला हवे. युनिफॉर्म गायडन्सची मोठी दुरुस्ती १ ऑक्टोबर २०२४ पासून लागू झाली. 'खरेदी मार्च २०२५ ची, म्हणून नवे नियम' असे शहरे धरून चालतात. परंतु फेमाच्या आपत्तीशी जोडलेल्या अनुदानांत आपत्ती कधी जाहीर झाली यावर नियमांचा जुना की नवा मजकूर लागू हे ठरते, आणि सौम्यीकरणाचे प्रकल्प मंजूर व्हायला वर्षे जातात. तुमची आपत्ती त्या तारखेपूर्वीची असेल, आणि बहुधा असेलच, तर तुम्हाला जुना मजकूर लागू आहे. फरक बारीक नाही. जुन्या मजकुरात स्थानिक पुरवठादाराला मूल्यांकनात झुकते माप देण्यास मनाई होती; नव्यात ती मनाई काढली आहे. जुन्यात लहान, अल्पसंख्याकांच्या आणि महिलांच्या व्यवसायांपर्यंत पोहोचण्याची सहा पावले बंधनकारक होती. नव्यात ती शक्य तेव्हा घ्यावीत अशा सौम्य शब्दांत आहेत. अनुदानाचा करार उघडून आपत्तीचा क्रमांक आणि तारीख पहा आणि तुमच्या उत्तराचा पहिला परिच्छेद त्यावर लिहा.

तपशीलपत्रक कुणी लिहिले हेही तपासा. २००.३१९ नुसार ज्याने तपशील तयार केला, तो त्या खरेदीच्या स्पर्धेत उतरू शकत नाही. कागदावर हे सगळ्यांना मान्य असते; प्रत्यक्षात जनरेटरचा तपशील लिहिता येणारा माणूस लहान शहरात नसतो आणि डीलरचा विक्रेता मदतीला तयार असतो. एका शहराच्या फाइलमध्ये मला तपशीलपत्रकाची वर्ड फाइल मिळाली होती, जिच्या गुणधर्मांत लेखकाच्या जागी डीलरच्या विक्रेत्याचे नाव होते आणि आतल्या आवाजमर्यादेचा आकडा त्याच कंपनीच्या माहितीपत्रकातला होता, दशांशासकट. शहराने एकही वाईट हेतू ठेवला नव्हता, आणि त्यांच्या अभियंत्याला मी हे दाखवले तेव्हा त्याला खरोखर धक्का बसला. विशिष्ट कंपनीचे नाव घालायचे असेल तर 'किंवा समतुल्य' हे शब्द आणि समतुल्यता कशी ठरेल हे लिहिले पाहिजे.

बाकीची तपासणी लवकर होते. पुरवठादाराला फेडरल कामातून वगळलेले नाही हे सॅम डॉट गव्ह या फेडरल सरकारच्या संकेतस्थळावर पाहून त्या दिवशीच्या पानाची छापील प्रत फाइलला लावायची असते. ती नसेल तर आज पहा आणि आजच्या तारखेने लावा. जनरेटर पायाभूत सुविधेचा भाग असल्याने 'बिल्ड अमेरिका, बाय अमेरिका' कायद्याचा प्रश्न येतो. नोव्हेंबर २०२१ च्या पायाभूत सुविधा कायद्यातून आलेला हा नियम उत्पादित वस्तूंसाठी अमेरिकेत निर्मिती आणि घटकांच्या किमतीत ५५ टक्क्यांहून अधिक देशी वाटा मागतो. तुमच्या अनुदानाला तो लागू आहे का आणि कुठली सूट होती का, हे राज्याला लेखी विचारा. लागू असेल तर उत्पादकाचे प्रमाणपत्र मागवा. २,५०,००० च्या आतल्या खरेदीला स्वतंत्र खर्च-विश्लेषण बंधनकारक नव्हते, पण दर वाजवी कसा हे दोन ओळींत तरी लिहिलेले असावे.

आणीबाणीच्या सवलतीविषयी तुम्ही विचारलेले नाही, पण सिटी कौन्सिलमध्ये कुणीतरी "वादळाचा हंगाम जवळ होता, घाई होती" असे उत्तर सुचवेल, म्हणून लिहितो. स्पर्धेविना खरेदीला २००.३२० मध्ये मोजकी कारणे आहेत आणि आणीबाणी त्यांपैकी एक आहे, परंतु ती जेवढी टिकते तेवढ्यापुरतीच. हे मी स्वतः चूक करून शिकलो. काही वर्षांपूर्वी मी ज्या शहरात होतो तिथे शनिवारी रात्री वादळ झाले. रविवारी पहाटे आम्ही झाडे हटवणाऱ्या ठेकेदाराला फोनवर काम दिले, ताशी दराने. काम अकरा आठवडे चालले. ताशी दराच्या करारात कमाल रक्कम लिहावी लागते आणि ती ओलांडली तर जोखीम ठेकेदाराची. आम्ही ती लिहिली नव्हती. राज्याच्या पुनरावलोकन करणाऱ्या बाईंनी एकच प्रश्न विचारला: मुख्य रस्ते कोणत्या दिवशी खुले झाले? आमच्याच सार्वजनिक बांधकाम विभागाच्या प्रसिद्धिपत्रकात 'नवव्या दिवशी सर्व मुख्य रस्ते खुले' असे ठळक अक्षरांत छापले होते. नवव्या दिवसानंतरचा खर्च गेला. दहाव्या दिवशी मी अर्ध्या पानाचे टिपण लिहून दरपत्रके मागवली असती, तर बराचसा वाचला असता.

मोठ्या प्रमाणावर हेच कसे दिसते ते २०१७ मध्ये प्वेर्तो रिको या कॅरिबियनमधील अमेरिकी प्रदेशात दिसले. मारिया चक्रीवादळानंतर तिथल्या वीज प्राधिकरणाने माँटाना राज्यातील व्हाइटफिश एनर्जी या कंपनीला वीजवाहिन्या दुरुस्तीचा सुमारे ३० कोटी डॉलरचा करार दिला. वादळाच्या वेळी त्या कंपनीकडे पूर्णवेळ कर्मचारी दोनच होते. करारात अशी कलमे होती की मजुरीच्या दरांतील खर्च आणि नफा यांचे लेखापरीक्षण फेमाने किंवा फेडरल महालेखापरीक्षकांनी करू नये. करार फेमाच्या निकषांत बसतो असेही त्यातच लिहिले होते, आणि फेमाने आपण तो मंजूर केलेला नाही असे जाहीर केले. ऑक्टोबर २०१७ संपण्यापूर्वी प्राधिकरणाला करार रद्द करावा लागला. आणीबाणी तिथे खरीच होती, कुणी नाकारलेली नाही. आणीबाणीने स्पर्धेत सूट मिळते, पण नोंदी पाहण्याचा फेडरल हक्क, अनिवार्य कलमे आणि खर्चाच्या टक्केवारीवर नफा देण्यास असलेली बंदी यांतून सुटका मिळत नाही. तुमच्या जनरेटरला तर हे कारण लागूच नाही. सौम्यीकरणाचा प्रकल्प आधीच ठरवून, मंजूर करून घेतलेला असतो. ते उत्तरात घालू नका.

आता परतफेडीचा प्रश्न. ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त फेडरल पैसा खर्च करणाऱ्या संस्थेचे 'सिंगल ऑडिट' होते. ही मर्यादा साडेसात लाख डॉलर होती आणि १ ऑक्टोबर २०२४ किंवा त्यानंतर सुरू होणाऱ्या आर्थिक वर्षांसाठी दहा लाख झाली आहे. तपासलेल्या कार्यक्रमात २५,००० डॉलरहून अधिक रक्कम आक्षेपार्ह आढळली तर लेखापरीक्षकाला ती अहवालात नोंदवावीच लागते; त्यात त्याला निवड नाही, म्हणून त्याच्यावर रागावण्यात अर्थ नाही. 'आक्षेपित खर्च' म्हणजे 'नामंजूर खर्च' नव्हे. तो नामंजूर करायचा की नाही याचा निर्णय निधी पुढे देणाऱ्याचा, म्हणजे तुमच्या बाबतीत राज्याच्या आपत्ती व्यवस्थापन कार्यालयाचा, आणि लेखापरीक्षण अहवाल फेडरल ऑडिट क्लिअरिंगहाउसने (जिथे असे अहवाल जमा करायचे असतात) स्वीकारल्यापासून सहा महिन्यांत तो निर्णय लेखी द्यायचा असतो. तोपर्यंत तुमची बाजू मांडायला अवकाश आहे. अहवालासोबत तुम्ही द्यायच्या सुधारणा-आराखड्यात 'कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण देऊ' एवढेच एक वाक्य लिहू नका. असे शेकडो आराखडे त्यांनी वाचलेले असतात. जबाबदार अधिकाऱ्याचे पद, तारीख आणि बदललेल्या नियमावलीचे कलम लिहा.

राज्य बहुधा तीनपैकी एक मार्ग घेईल: कागद मान्य करून खर्च कायम ठेवील, दर वाजवी नव्हता असे वाटलेली तेवढीच रक्कम कापील, किंवा सगळा खर्च नाकारील. मधला मार्ग खुला राहावा म्हणून त्या काळचे दोन तुलनात्मक दर मिळवा. मार्च २०२५ च्या सुमारास शेजारच्या कौंटीने किंवा एखाद्या शाळा-जिल्ह्याने तेवढ्याच किलोवॉटचा जनरेटर घेतला असेल, तर त्यांच्या सार्वजनिक नोंदींतून निविदेचा तक्ता मागवता येतो. ते दर तुमच्या आसपास असतील, तर किंमत वाजवी होती हे तुम्ही बाहेरच्या पुराव्याने दाखवले असे होते. स्पर्धेची उणीव त्याने भरून निघत नाही, पण किती रक्कम परत मागायची हे ठरवताना तो कागद टेबलावर असतो.

आणि जनरेटर बसवण्याचे काम अजून बाकी असेल, तर ते त्याच डीलरला 'सोबतच' म्हणून देण्याआधी थांबा. ते बांधकामाचे वेगळे काम आहे. त्याची दरपत्रके वेगळी घ्या, त्याचा अंदाजित खर्च दरपत्रके उघडण्याआधी तुमच्या अभियंत्याकडून लिहून घ्या, आणि त्या कागदावर तारीख आहे ना, एवढे पाहा.